आरतीच्या वासाचे कपकेक

सकाळी अकरा ते बारा हा मंदाकिनीबाई पेंडश्यांचा फोनचा तास. तोवर कुकर उतरलेला असतो, कणीक भिजवून झाकलेली असते आणि पती अनंतराव वाचनालयातून परतायला अवकाश असतो. शनिवार पेठेतल्या महिला मंडळात बाईंनी सहा वर्षांत कपकेकचे बावीस वर्ग घेतले. शिकून गेलेल्या बायका घरी करायला घेतात, अडतात आणि बाईंना फोन लावतात. पलीकडचं "कशा आहात" संपायच्या आत बाई विचारतात, "काय बिघडलं?"

प्रश्न तेच ते. मध्ये खळगा का पडला? पंधरा मिनिटांच्या आत ओव्हनचं दार उघडलं म्हणून. अहो, एकदाच उघडलं. मग खळगाही एकच पडला असेल. कागदी कप किती भरायचा? दोन तृतीयांश, त्यालाही फुगायला जागा लागते. अंडं नाही तर हलका कसा होणार? दह्याने आणि सोड्याने, पण दोन्ही एकत्र आले की फोन घ्यायचा नाही, दार वाजलं तरी उठायचं नाही, सरळ ओव्हनमध्ये. वरचं आयसिंग ओघळलं, आता काय करू? आता खाऊन टाका. पुढच्या वेळी केक पुरता गार होऊ द्या आणि वैशाखात भर दुपारी लोणी फेटायला बसू नका. मफिन आणि कपकेक यांत फरक काय? एक साध्या कपड्यात येतो, दुसरा लग्नाच्या. कागदी कप बोहरी आळीत मिळतील, मैदा आणि पिठीसाखर जास्त लागत असेल तर मार्केट यार्डात, आणि आयसिंगचं नोझल सुरुवातीला एकच घ्या, चांदणीचं. बाकीची बारा डब्यात पडून राहतात.

पुण्यात चांगले कपकेक कुठे मिळतात, असंही पुष्कळजणी विचारत. बाई तेव्हा स्वतःचं नाव घेत नसत. म्हणत, "कालचे आज विकत नाहीत तिथे."

एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर बाई ठोकून देत नसत. "करून बघते, उद्या सांगते," म्हणत आणि खरोखरच करून बघत. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. अगदी येरवड्याहून बायका फोन करत, ते याच कारणाने.

बाई सहासष्ट वर्षांच्या. नोकरी महानगरपालिकेच्या शाळेत झाली, शिवणशिक्षिकेची. केकचा नाद निवृत्तीनंतरचा. सून अस्मिता परदेशी जाताना आपला ओव्हन इथे ठेवून गेली, त्यावर काही दिवस बाईंनी धुतलेले डबे वाळत घातले आणि एका अधिक महिन्यात, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं ते देऊन झाल्यावर, सहज म्हणून सोबतचं पुस्तक उघडलं. पहिले बारा कपकेक अनंतरावांनी तीन दिवस निमूटपणे खाल्ले. दुसरे बारा शेजाऱ्यांनी मागून नेले. मग वर्ग सुरू झाले आणि वर्गामागून मागण्या.

या घराचा एक नेम होता. चुलीवरून उतरलेलं काहीही देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, घराबाहेरही द्यायचं नाही. सासूबाईंनी घालून दिलेला. त्या गेल्या, वाड्याच्या जागी इमारत आली, चुलीच्या जागी शेगडी आणि शेगडीशेजारी ओव्हन आला. नेम तसाच राहिला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा, त्यात रांगता बाळकृष्ण. दुपारी चारपर्यंत आयसिंग आटपायचं. ताटं देव्हाऱ्यापुढे मांडायची. दिवेलागणीला पाण्याचं मंडल करून नैवेद्य दाखवायचा, निरांजन, मग कापूर. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, आणि लोण्यावर धूळ बसू नये म्हणून स्वयंपाकघराचं दारही बंद. तासाभराने दार उघडून कपकेक खोक्यांत भरायचे. यातलं बाई कुणाला सांगत नसत. सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटत नव्हतं. पोळी भाजण्याआधी तवा तापवतो हे कुणी सांगतं का?

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी अलिझाचा फोन आला. अलिझा ही सुगराबींची नात, खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. सुगराबी शाळेच्या कचेरीत कारकून होत्या. बाईंची आणि त्यांची तिथली चोवीस वर्षांची मैत्री. शिवणाच्या तासाचे दोरे-सुया मंजूर करून घेण्यापासून मुख्याध्यापकांना नावं ठेवण्यापर्यंत सगळं दोघींनी मिळून केलं होतं. भवानी पेठेतल्या सुगराबींच्या घरी गेली दोन वर्षं वाढदिवसाला आणि दोन्ही ईदना बाईंचेच कपकेक जात. येत्या रविवारी अलिझाची मंगनी होती आणि एकशेवीस कपकेक सांगितले होते, पिस्ता रंगाचे, वर चांदीचे मणी.

"मंदाआजी, एक विचारायचं होतं," अलिझा म्हणाली. "तुमच्या आयसिंगमध्ये तो एक सीक्रेट फ्लेवर असतो ना, तो कुठला? आमिरच्या मम्मीला, माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, फार आवडला. त्या म्हणाल्या, मंगनीला डिट्टो तोच हवा."

"कसला फ्लेवर?"

"थंड थंड असतो ना तो. म्हणजे मिंट नाही. कापरासारखा काहीतरी."

बाईंनी आयुष्यात प्रथमच एका प्रश्नाला बगल दिली. कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. कुकर केव्हाच उतरला होता.

आदल्या संध्याकाळचे सहा कपकेक मंडळातल्या एका बाईंसाठी भरून ठेवले होते. त्यांतला एक बाईंनी नाकाशी धरला. त्यांना लोण्याचा वास आला, व्हॅनिलाचा आला, बाकी काही नाही. अनंतराव आल्यावर त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, अहो, याला कापराचा वास येतो का. अनंतरावांनी चष्मा काढायचीही तसदी घेतली नाही.

"मी इतकी वर्षं याला आरतीचा केक म्हणतोय. तुला काय वाटलं, मी कौतुक करतोय?"

म्हणजे लोणी वास ओढून घेत होतं. ही गोष्ट बाई स्वतः वर्गात शिकवत. फ्रिजमध्ये लोण्याशेजारी चिरलेला कांदा ठेवू नका, हे त्यांनी बावीस वेळा सांगितलं होतं. कापूर काही त्यांच्या लेखी कांद्याच्या रांगेत बसत नव्हता. शिवाय त्या वासातच त्यांची प्रत्येक संध्याकाळ जात होती, त्यांना तो येणार कुठून?

वासाचा इलाज सोपा होता, ताटं दुसऱ्या खोलीत ठेवायची. पण पोळ्या लाटता लाटता बाईंचं लाटणं मध्येच थांबलं. वास कुठून आला हे अलिझाला सांगायचं, तर ताटं देव्हाऱ्यापुढे का होती हेही सांगावं लागेल. आणि ते कपकेक तर सुगराच्या घरी गेले होते.

शाळेत दर श्रावणात कर्मचाऱ्यांची सत्यनारायणाची पूजा असे. पहिल्या वर्षी बाईंनी प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण सुगराबींपुढे केला होता. सुगराबींनी आवाज न चढवता, कुणाला ऐकू न जाता सांगितलं होतं, "मंदा, पूजेचं नको गं. तुझ्या हातचं दुसरं काहीही दे." दुसऱ्या वर्षापासून बाई पहाटे उठून एका वेगळ्या कढईत वाटीभर शिरा करून आणत, देवाला न दाखवलेला. स्वतः त्यातला कण खात नसत, पण सुगरासाठी आणत. तेवीस श्रावण आणला. कुणाला सांगितलं नाही, सासूबाईंना तर नाहीच. आणि आता दोन वर्षं त्याच बाई त्याच सुगराला देवापुढचं ताट खोक्यात भरून पाठवत होत्या. शिऱ्याच्या बाबतीत जे उमजलं होतं ते केकच्या बाबतीत मनातच आलं नव्हतं. शिरा हा प्रसाद. केकला कोण प्रसाद म्हणतं? केक तो केक. तो दाखवायचा, कारण ओव्हनमधून उतरला होता, एवढंच.

अनंतरावांचं म्हणणं पडलं की बोलू नये. झालं ते झालं, पुढे काळजी घे, उगाच त्या बाईच्या जिवाला घोर कशाला? वेलची घाल आणि सांग पोरीला की वेलची होती. त्यांचं चुकत होतं असंही नाही. पण बाईंना उमगलं होतं की गप्प बसलं तर सुगराशी पुढचं प्रत्येक बोलणं त्या कुकरच्या शिट्टीसारखंच होणार. आणि सांगितलं तर मंगनीचं काम हातचं जाईल. गेलं तर गेलं. पण इतक्या वर्षांची मैत्रीणही जाईल, त्याची धास्ती होती. बुधवारचा दिवस त्यांनी काढला. गुरुवारी दत्ताला नैवेद्य दाखवून, जेवून, रिक्षा करून त्या भवानी पेठेत गेल्या.

सुगराबी मंगनीच्या ओढण्यांना किनार लावत बसल्या होत्या. बाईंना बघताच त्यांनी सुईत दोरा ओवून द्यायला सांगितला. दोघींपैकी नजर बाईंची बरी. बाईंनी दोरा ओवला, गाठ मारली आणि सांगायचं ते सरळ सांगून टाकलं. नेम, ताटं, मंडल, कापूर. मध्ये कुठेही रडगाणं लावलं नाही.

सुगराबींची सुई थांबली.

"सगळे?"

"सगळे."

"ईदचेही?"

"ईदचेही."

आत पाण्याची मोटर चालू होती, ती कुणीतरी बंद केली. सुगराबींनी ओढणीची घडी घातली, मग ती उलगडून पुन्हा घातली. त्या शिऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. तो त्यांना आठवत होता हे बाईंना त्यांच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं.

"मला ठाऊक नव्हतं," सुगराबी म्हणाल्या. "ठाऊक नव्हतं तोवरचं माझ्यावर काही नाही, अल्लाह जाणतो. पण आज कळलं, मंदा. आजपासूनचं आहे."

बाईंनी सांगितलं की मंगनीचे कपकेक त्या दाखवणार नाहीत. देवासाठी आधी वेगळ्या भांड्यात एक वेगळा करतील, त्याच्यापुढे तोच ठेवतील. बाकीच्यांचा देव्हाऱ्याशी संबंध नाही. सुगराबींनी विचारलं, भांडं वेगळं म्हणजे पीठही वेगळं कालवणार का? बाई म्हणाल्या, पीठ वेगळं, बीटरचं पातं वेगळं, लोणीही वेगळ्या पाकिटातलं.

"आणि तुझा नेम?"

"तो माझा आहे, मी बघेन."

चहा झाला. बाई निघताना सुगराबी एवढंच म्हणाल्या, "मला विचार करू दे. कळवते."

शुक्रवारी अकराला फोनचा तास सुरू झाला. धायरीहून एका बाईंनी विचारलं, चांदीचे मणी घरंगळतात, काय करू? आयसिंग ओलं असताना लावा. बाणेरच्या बाईंनी विचारलं, स्कूटरवरून न्यायचे तर कसे? खोक्यात पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात बसवा, आणि खड्ड्यांचं काही मला विचारू नका. बाई उत्तरं देत होत्या आणि मधूनमधून फोनचा पडदा बघत होत्या. बारा वाजले, एक वाजला. भवानी पेठेतून काही आलं नाही. संध्याकाळी आरती म्हणताना बाईंचं एक कडवं गळलं. अनंतरावांनी ते भरून काढलं.

शनिवारी सकाळी साडेआठला दार वाजलं. सुगराबी दारात उभ्या होत्या, बरोबर धुतलेली दोन मोठी ॲल्युमिनियमची ताटं.

"मी पहारा द्यायला नाही आले," त्यांनी चपला काढता काढता सांगितलं. "एकशेवीस एकटीने व्हायचे नाहीत तुला या वयात. मैदा कुठे आहे?"

बाईंनी मैदा दाखवला. त्याआधी पहाटेच त्यांनी देवाचं काम उरकलं होतं. छोट्या पातेल्यात पाव वाटी पीठ कालवून एकच कपकेक, वर लोण्याची एक टिकली. तो वाटीखाली झाकलेला होता.

दिवसभर ओव्हन थंड झाला नाही. एका वेळी बारा बसत. सुगराबी कागदी कप सुटे करून मांडत, बाई मिश्रण ओतत. कचेरीतल्या जुन्या लोकांची उजळणी झाली. कोण गेलं, कोण मुलाकडे गेलं, मुख्याध्यापक अजून कसे जिवंत आहेत. गुरुवारच्या बोलण्याचा विषय दोघींनी काढला नाही. चार वाजेपर्यंत एकशेवीस गार होऊन तयार झाले आणि बाई पिशवीत आयसिंग भरायला लागल्या. वेलची कुटून घातली होती. बाई चांदणी काढत, सुगराबी ओल्या काडीच्या टोकाने मणी बसवत. सहाच्या सुमारास ऐंशी झाले आणि पिशवीतलं आयसिंग संपलं.

सुगराबींनी खिडकीबाहेर बघितलं. "तुझी दिव्याची वेळ झाली."

"होते आहे. चाळीस राहिलेत, मग लावेन. उशीर झाला तर बाळकृष्ण समजून घेईल."

"कशाला समजून घ्यायला लावतेस? ताटं मी बाहेर नेते."

सात ताटं दोघींनी बाहेरच्या खोलीत नेली. टेबल भरलं, शिलाई यंत्र भरलं, शेवटची दोन राहिली, ती अनंतरावांच्या पलंगावर गेली. अनंतरावांनी विचारलं, मी कुठे बसू? सुगराबी म्हणाल्या, "आपण आत जा, आरतीला. तिला कडवी आठवत नाहीत म्हणे." हे त्यांना कुणी सांगितलं हे अनंतरावांना चांगलंच ठाऊक होतं, कारण दुपारी चहाच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. ते मुकाट्याने आत गेले. सुगराबींनी स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि फटीशी एक टॉवेल दाबून ठेवला.

आत बाईंनी मंडल केलं. त्यावर एकच वाटी ठेवली. रोज देव्हाऱ्यापुढे ताटांची गर्दी असे. आज एवढासा एक केक आणि त्यावर लोण्याची टिकली, मणी नाही, रंग नाही. बाळकृष्ण नेहमीसारखाच रांगत होता. बाईंनी कापूर लावला. या खेपेला त्यांना त्याचा वास आला, चांगला डोक्यात जाणारा. आरतीचं एकही कडवं गळलं नाही.

कापूर विझल्यावर खिडकी उघडून, पंखा लावून त्या बाहेर आल्या तेव्हा सुगराबी ताटांपुढे खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी टोकाच्या ताटातला एक कपकेक उचलून बाईंपुढे धरला.

"चाख. मुलाकडचे चिकित्सक आहेत."

"हे मला चालायचे नाहीत, सुगरा. दाखवलेले नाहीत."

सुगराबींनी हात मागे घेतला नाही. बाईंकडे बघत राहिल्या. "मग एरवी काय करतेस? दाखवायच्या आधी चाखतेस?"

"देवाच्या आधी कसं चाखणार?"

"आणि नंतर?"

"नंतर चिमूटभर तोंडात टाकते. नंतर तो प्रसाद होतो. प्रसादाची कुणी चव काढतं का?"

सुगराबींनी कपकेकचा कागद सोलला, एक घास घेतला, सावकाश चावला. दुसरा घेतला. बाई उभ्या होत्या. सुगराबींनी उरलेला अर्धा कागदावर ठेवला आणि बोटं पुसली.

"वास गेला," त्या म्हणाल्या. "केक मऊ आहे. साखर जास्त आहे."

"आज जास्त पडली?"

"आज नाही. पहिल्यापासून जास्त आहे. दोन वर्षं मी चहाबरोबर खाते, बिनसाखरेच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने पाठवायचीस. काय बोलणार?"

बाई खुर्चीवर बसल्या. दोन वाट्या लोण्याला चार वाट्या पिठीसाखर, हे प्रमाण त्या सोबतच्या पुस्तकातलं होतं आणि ते त्यांनी बावीस वर्गांत फळ्यावर लिहून दिलं होतं. आयसिंग फार गोड होतं का हो, असं दर महिन्याला कुणीतरी विचारायचंच. करून बघते, उद्या सांगते, असं या एका प्रश्नाला त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. केक आहे, गोडच असणार, एवढं सांगून फोन ठेवला होता. म्हणजे बगल दिलेला प्रश्न मंगळवारचा एकच नव्हता.

"चाळीस राहिलेत," त्या उठत म्हणाल्या. "त्यांना तीन वाट्या घालते. चिमूटभर मीठ. ये, तू चाख आणि थांब म्हण."

सुगराबी आत आल्या. अडीच वाट्यांनाच त्यांनी थांब म्हटलं. बाईंना ते फार कमी वाटलं, पण त्यांनी हात आवरला. राहिलेले चाळीस साडेआठपर्यंत सजले. आता खोकी भरायची, तर दोन तऱ्हा झाल्या होत्या आणि दिसायला सगळे सारखेच. बाईंनी खडू आणला आणि विचारलं, खोक्यांवर काय लिहू, कोणते कुठे जायचे?

सुगराबींनी दोन्हींकडे एकवार बघून घेतलं.

"गोड ते मुलाकडच्यांना," त्या म्हणाल्या. "चांगले आपल्यांना."